कुठंच न जाणारी पायरी

आमच्या घरी यायचं असेल तर आधी पोस्टाच्या रांगेत उभं राहावं लागायचं. अतिशयोक्ती करत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बाबांची बदली पांढुर्ण्याला झाली, जुन्या वस्तीतल्या एका पोस्टाचे ते मास्तर झाले, आणि पोस्टाच्या पाठीला चिकटलेलं क्वार्टर आम्हाला राहायला मिळालं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे छोटंसं अंगण. पण या घराला रस्त्यावर उघडणारं दारच नव्हतं. जे होतं ते पोस्टाच्या मोठ्या खोलीत, बरोबर बाबांच्या खुर्चीच्या मागे. म्हणजे पाहुण्यानं आधी व्हरांडा चढायचा, काउंटरशी यायचं, आपल्या पाळीची वाट बघायची आणि जाळीतून बाबांना सांगायचं, की मी तिकीट घ्यायला नाही, जेवायला आलोय.

माझा एक मामा तिगावला राहायचा. भोळा माणूस. पहिल्यांदा आला तेव्हा तो पाऊण तास रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा बाबांनी सवयीनं मान वर न करता "हां, बोला" म्हटलं, आणि मामा इतका गांगरला की दोन पोस्टकार्डं विकत घेऊन तसाच स्टेशनवर परत गेला. त्यातलं एक कार्ड त्यानं आम्हालाच लिहिलं. 'येऊन गेलो, भावजींना काम होतं' असा मजकूर होता.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. बी. ए. ची परीक्षा बाहेरून देत होते, टायपिंगच्या क्लासला जात होते आणि घरात रागीट म्हणून माझी ख्याती होती. ख्याती खरी होती. क्लासमधली मैत्रीण घरी आली की तिला जाळीसमोर ताटकळत बघून माझं डोकं फिरायचं. बाबांना म्हणायचे, "बाबा, हे घर आहे की तुरुंग?" बाबा शांतपणे म्हणायचे, "तुरुंगाला मोठा दरवाजा असतो बाळा. हे पोस्ट आहे."

इमारत मात्र देखणी होती. इंग्रजांच्या काळातली. खाली काळ्या दगडाचा गुडघ्याएवढा चौथरा, वर दोन हात जाडीच्या दगडी भिंती, समोर तीन कमानींचा व्हरांडा, डोक्यावर कवेलू, म्हणजे कौलं. व्हरांड्याच्या एका खांबात लोखंडी कडी बसवलेली होती. डाकेच्या गाडीचा घोडा तिथं बांधत, असं समोरचा चहावाला सांगायचा. आमच्या काळात तिला सायकली साखळीनं बांधलेल्या असत. आतल्या मोठ्या खोलीचं छत इतकं उंच, की वरचे झरोके उघडायला लांब दोऱ्या ओढाव्या लागत. उन्हाळ्यात सकाळी झरोके बंद करायचे आणि ऊन उतरलं की उघडायचे. एवढं केलं की बाहेर आग ओतत असली तरी पोस्टात गार असायचं. कितीतरी म्हातारे केवळ त्या गारव्यासाठी एक कार्ड विकत घ्यायचे आणि तेवढं लिहायला दुपार घालवायचे. पत्रपेटीचं तोंड व्हरांड्याच्या भिंतीत आणि पोट आतल्या बाजूला. पत्र टाकलं की आत आवाज व्हायचा, आणि त्या आवाजावरून आई स्वयंपाकघरात बसून सांगायची, कार्ड पडलं की पाकीट.

इमारत कोपऱ्यावर होती. तिचं तोंड पूर्वेला, बाजाराच्या रस्त्याकडे. दक्षिणेच्या अंगानं दुसरा रस्ता जाम नदीकडे उतरायचा, पलीकडे सावरगाव. आमच्या बाहेरच्या खोलीची भिंत या नदीच्या रस्त्याला लागून होती, पण अगदी कोरी, खिडकीसुद्धा नाही. त्या भिंतीच्या बुडाशी एक दगडी पायरी होती. एकटीच. चांगली घडीव, मधोमध झिजलेली, भिंतीला टेकलेली. तिच्यावर बकऱ्या बसत. सावरगावला जाणारे लोक चपलेतला खडा काढायला तिच्यावर टेकत. आम्ही दोन वर्षं ती रोज बघितली, आणि ती तिथं कशासाठी आहे हे आमच्यापैकी कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.

घरात दोन कायदे होते. एक बाबांचा, एक आईचा. बाबांचा कायदा असा, की पोस्ट बंद झालं किंवा सुट्टी असली की पुढचा दरवाजा उघडायचा नाही. आत डाकेच्या थैल्या, सरकारी शिक्के. घरचा माणूस तिथून गेला तरी तो गुन्हा. आईचा कायदा असा, की खुर्चीमागच्या दारातून घरात येताना पायात काही चालणार नाही. बाबा पोस्टमास्तर असोत की लाटसाहेब असोत. त्यामुळे त्यांचे बूट दिवसभर सरकारी टेबलाखाली पडलेले असत, आणि चहा प्यायला ते अनवाणी आत येत. आईची फरशी आरशासारखी असायची. मोलकरीण ठेवायला ती तयार नव्हती, कारण तिच्या मते जगात कुणालाच नीट पुसता येत नव्हतं.

आता सुट्टीच्या दिवशी घरी कुणी यायचं तर कुठून? मागच्या बोळीतून. अंगणाचं मागचं दार त्या बोळीत उघडायचं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागे, आणि मधून नाली वाहायची. जुन्या काळी संडास साफ करणाऱ्यांसाठी ठेवलेली ती वाट होती.

आम्ही बौद्ध. पांढुर्ण्याला आलो त्या पहिल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला आईनं मोठ्या हौसेनं खीर केली. घरात पहिल्यांदा एवढं मोठं पातेलं चढलं होतं. आमच्या वस्तीतल्या बायका, शाळेतल्या मास्तरीणबाई, कापडवाल्याची सून, शेजारपाजारच्या सगळ्यांना तिनं स्वतः जाऊन बोलावलं. पौर्णिमेची सुट्टी, पोस्ट बंद. बायका बोळीतून आल्या. पातळं गुडघ्यापर्यंत उचलून, नाली ओलांडत. कुणी वाईट बोललं नाही, खीर सगळ्यांनी आवडीनं खाल्ली. पण एकीनं नाकाला पदर लावलेला आईनं बघितला.

त्या दिवशी भांडी घासताना ती माझ्याशी बोलली ते मला आजही शब्दाशब्दानं आठवतं.

"माह्या मायनं उभ्या जन्मात कोनाच्या घरात समोरच्या दारानं पाय ठेवला नाही. कामाले गेली तं मागून, भाकर मांगाले गेली तं मागून. चपला हातात. आता मी मास्तराची बायको झाली, आन् माह्याच घरी लोकायनं मागून यावं? यानंतर नाही करत मी खीर."

पुढच्या पौर्णिमेला तिनं खरंच खीर केली नाही. आमच्यापुरता गोड भात केला आणि दार लावून घेतलं. बोरगावहून आजीला, म्हणजे आईच्या आईला, बोलवायचं, तर तेही टाळलं. मी रागीट, पण आईचा राग माझ्यासारखा नव्हता. माझा राग भांड्यांवर निघायचा. तिचा घरात गप्प बसून राहायचा, आणि त्याची मला जास्त भीती वाटायची.

बाबांना ते समजलं. त्यांनी दाराच्या मंजुरीसाठी अर्ज लिहिला, मी तो क्लासच्या मशीनवर टाइप केला. तीन महिन्यांनी वरून उत्तर आलं. सरकारी इमारतीला नवीन दार पाडता येणार नाही. मात्र मूळ इमारतीत दार होतं असा पुरावा दिल्यास ते दुरुस्ती म्हणून मोकळं करता येईल. बाबांनी ते पत्र चार वेळा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "झालं. आता शंभर वर्षांमागचं दार कुठून आणायचं?"

 आईनं झाडू उचलला आणि ती बाहेर गेली. ती रागावली की रस्ता झाडायची. थोड्या वेळानं तिची हाक आली.

"अवो, इकडे या जरा! ही पायरी काहून आहे मंग?"

आम्ही धावत गेलो. आई नदीच्या रस्त्यावर त्या एकट्या पायरीसमोर कमरेवर हात देऊन उभी होती. आम्ही पायरीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं. दोन्ही पावसाळ्यांत या भिंतीच्या चुन्याला एक बारीक तडा गेला होता. पहिल्या वर्षी बाबांनी तो बुजवून घेतला आणि दुसऱ्या वर्षी तो त्याच जागी परत आला. खालून सरळ वर, मग गोल वळून पलीकडे खाली. त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा दिसलं की ती कमान आहे. आई तशीच घरात गेली आणि लाटणं घेऊन आतल्या बाजूनं भिंत ठोकायला लागली. ज्या खोल कोनाड्यात आम्ही ट्रंका आणि गाद्या रचायचो, तिथं आवाज पोकळ आला. दोन वर्षं आम्ही दारातच गाद्या ठेवत होतो.

पण लाटण्याचा आवाज काही सरकार पुरावा म्हणून घेणार नव्हतं. मग इमारतीचा इतिहास शोधायचं वेड बाबांना लागलं. चहावाला म्हणाला, हे आधी घोड्यांचं ठाणं होतं, पोस्ट मागाहून आलं. एका निवृत्त गुरुजींनी सांगितलं, छे, रेल्वेचा रूळ टाकणाऱ्या गोऱ्या साहेबाचा हा बंगला. संत्र्याच्या एका व्यापाऱ्यानं तर छातीठोकपणे सांगितलं की त्याच्या आजोबांनीच ही जागा दान दिली, फक्त कागद पुरात वाहून गेला. तिघांनीही तीन वेगवेगळी वर्षं सांगितली आणि तिघांनीही चहा घेतला. दाराचं मात्र कुणालाच आठवत नव्हतं.

नकाशा सौंसरच्या एका कचेरीत असेल असं कळलं, म्हणून मी आणि बाबा बसनं सौंसरला गेलो. तिथला बाबू सज्जन होता. लाल कापडात बांधलेले गठ्ठे त्यानं एकेक करून सोडले, शिंकत शिंकत. तिसऱ्या गठ्ठ्यात आमचं पोस्ट निघालं. खरोखरच निघालं. व्हरांड्याच्या तीन कमानी, काउंटर, झरोके, सगळं निळसर शाईत रेखीव काढलेलं.  बाबांनी बोट फिरवत फिरवत दक्षिणेच्या भिंतीपर्यंत आणलं, आणि तिथं भोक होतं. वाळवीनं अख्ख्या नकाशात नेमकी आमचीच भिंत खाल्ली होती.

"अशी वाळवी मी पाह्यली नाही बापा," बाबू म्हणाला, "सरकारी दिसते." मग त्यालाच आमची कीव आली. त्यानं मार्ग सांगितला. ज्यानं ते दार डोळ्यांनी बघितलं असेल असा जुना माणूस शोधा, डाक इन्स्पेक्टरसमोर उभा करा, साहेबाची खात्री पटली की काम झालं.

असा माणूस आमच्या नाकासमोर होता, पण तो आम्हाला पोस्टमननं दाखवला. त्याच्याकडे सावरगावची डाक होती. बाबांची हकीकत ऐकून तो थैली खाली ठेवत म्हणाला, "साहेब, पल्याड एक म्हातारा मिस्त्री आहे. मी चिठ्ठी घेऊन गेलो का दर वेळी मले एकच इचारते. पोस्टाची बाजूची भित्त बरी आहे ना रे? मले वाटे, बुढ्याचं डोकं सरकलं. कधी पोस्टात पाय ठेवत नाही. कार्ड आनाचं तरी नातवाले पाठवते, आन् तोही तिगावच्या पोस्टात जाते."

आईनं पदर खोचला. "चाल गं," मला म्हणाली, "तुह्या बाबाइचं काम नाही हे. ते त्याले अर्ज लिहाले लावतीन."

सावरगावात मिस्त्रीचं घर शोधायला वेळ लागला नाही. सत्तरीच्या पुढचा, काटक म्हातारा. अंगणात बाजेवर बसला होता. आम्ही पोस्टातून आलो म्हटल्याबरोबर तो उठून आतच जायला लागला.

"मले काई मालूम नाई. मी त्या वाटेनं जातही नाई."

आई त्याच्या ओट्यावर शांतपणे बसली. "काकाजी, भित्त कोनं घातली हे मी इचारतच नाही. तिच्या आंदर काय आहे, तेवढं सांगा."

म्हातारा दारातून मागे फिरला. त्यानं सुनेला चहा टाकायला सांगितलं. चहा आला तेव्हा आईनं कपाकडे नीट बघितलं. त्याला जसा कप, तसाच तिला. मग ती प्यायली. आणि मग म्हातारा बोलायला लागला, तो थांबेना.

चाळीसेक वर्षांपूर्वी इथं एक पोस्टमास्तर होता. त्यानं हौसेनं म्हैस पाळली, ती मेली. मग बायको आजारी पडली. मग कुणीतरी त्याला सांगितलं की दक्षिणेचं दार म्हणजे यमाचं दार, ते आधी बंद कर. वर कळवलं तर कोण ऐकणार? म्हणून त्यानं एका सुट्टीच्या दिवशी मिस्त्रीला बोलावून गुपचूप दार बुजवून घेतलं आणि दम भरला, कुणाला सांगितलंस तर सरकारी इमारतीत हात घातला म्हणून तुलाच आत टाकतील. पुढं मास्तर बदलून गेला. दम मात्र मिस्त्रीजवळ राहिला. चाळीस वर्षं हा माणूस पोस्टाच्या रस्त्यानं फिरकला नाही. गोटमारीला, म्हणजे दोन्ही गावांच्या दगडफेकीच्या जत्रेत, नदीपल्याडून आमच्या गावावर बिनधास्त दगड भिरकावलेला हा बहाद्दर, एका बदलून गेलेल्या पोस्टमास्तराला भीत होता. मला हसू आवरेना, आईनं चिमटा काढला.

"पन चौकट मी काढली नाही बाई," मिस्त्री म्हणाला, आणि इथं त्याचा आवाज बदलला. "सागाची चौकट, जुन्या कारागिराचं काम. हात उचलला नाही माहा. इटा नुसत्या मातीत बसवल्या, चुन्यात नाही. बाजूच्या भित्तीत इटाइचे दातही नाही घातले, जोडच नाही ठेवला. म्हटलं, आज ना उद्या कोनी शहाना मानूस येईन, त्याले हे दार लागन."

"मानूस नाही आला, मी आली," आई म्हणाली. "आता सायबापुढं चाला."

"मले धरतीन ना वो."

"माह्या घरासमोर तुमाले कोन धरते, पाह्यतो मी."

"आन् ते दक्षिनेचं आहे. यमाचं."

"येऊ द्या की यमाले," आई उठत म्हणाली. "तो तरी समोरून येईन."

इन्स्पेक्टर आला तो एप्रिलचा महिना होता. उंच, गंभीर, हिंदी बोलणारा माणूस. बाबा सकाळपासून सारखे दाढीवरून हात फिरवत होते. साहेब खुर्चीमागच्या दारातून आत निघाला तेव्हा आईनं त्याच्या बुटांकडे बघितलं. एकदा. साहेबानं बूट काढले. बाबांनी डोळे मिटून घेतले.

आतून कोनाडा बघून झाला, बाहेरून पायरी बघून झाली. तडा बघून झाला. इन्स्पेक्टर मान हलवत होता. "मास्टर साहब, दरार तो हर दीवार में होती है. दरवाज़ा किधर है?"

मिस्त्री एका बाजूला अंग चोरून उभा होता. त्याला आणायला पोस्टमन सायकल घेऊन गेला होता आणि अर्ध्या पुलावरून मिस्त्री एकदा परत फिरला होता म्हणे. साहेबाचं बोलणं ऐकून मात्र त्याला राहवलं नाही. माणसाला अटकेची भीती असते, पण आपल्या कामाबद्दल कुणी शंका घेतली की ती उडते.

"पानी द्या," तो म्हणाला. "चार बादल्या."

मी आणि आईनं बादल्या भरून आणल्या. मिस्त्रीनं त्या पाण्याचा मारा सगळ्या भिंतीवर केला, इकडून तिकडे, वरून खाली. चुन्याची पांढरी भिंत सगळीच करडी झाली. "आता उभे राहा," तो म्हणाला, "काही करू नका."

आम्ही उभे राहिलो. साहेब, बाबा, पोस्टमन, चहावाला, ते गुरुजी, ते दान दिलेल्या आजोबांचे नातू, आणि सावरगावला निघालेली दहा-पंधरा माणसं. रणरणतं ऊन आणि गरम वारा. पाच मिनिटं काहीच झालं नाही. चहावाला हळूच म्हणाला, "वाळून राहिली न सगळीच." मग कडेचा दगडाचा भाग पांढरा व्हायला लागला. आधी टोकं, मग आत आत. मधला भाग मात्र ओलाच राहिला. मातीत बसवलेल्या विटांनी पाणी पिऊन धरलं होतं, ते त्या सोडत नव्हत्या. बघता बघता कोरड्या पांढऱ्या भिंतीवर एक ओलं, काळसर दार उभं राहिलं. खाली पायरी, वर कमान. अगदी माणूस वाकल्याशिवाय आत जाईल एवढं.

कुणी टाळी वाजवली माहीत नाही, पण सगळ्यांनी वाजवली. मी रडत होते आणि ते लपवण्यासाठी बादल्या आपटत होते. आई हलली नाही. ती त्या ओल्या दाराकडे बघत राहिली, ते वाळेपर्यंत.

इन्स्पेक्टरनं खिशातून खडू काढून कडेनं रेघ मारली आणि डायरीत लिहिलं. मग मिस्त्रीकडे वळून विचारलं, "आपको कैसे मालूम?"

 मिस्त्रीनं आईकडे बघितलं. आईनं मान हलवली.

"मीच बंद केलं होतं जी," म्हातारा म्हणाला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले, बेडी घालायला द्यावेत तसे.

साहेब कधी हसत असेल असं वाटलं नव्हतं. तो हसला. "तो खोलेंगे भी आप ही," एवढंच म्हणाला आणि बूट घालायला निघून गेला.

मंजुरी आली तेव्हा पौर्णिमेला चार दिवस उरले होते. मिस्त्री नातवाला घेऊन सकाळी आला आणि दुपारच्या आत काम संपलं. छिन्नी फारशी लागलीच नाही. पाणी मारायचं, वीट हलवायची, वीट हातात. आतून चौकट निघाली, जशीच्या तशी. वर वेलबुट्टी कोरलेली, खाली झिजलेला उंबरठा. मिस्त्री तिच्यावरून फडकं फिरवत बराच वेळ बसला. पल्ले, म्हणजे दाराच्या फळ्या, मात्र नव्हत्या. ते पल्ले त्या जुन्या मास्तरानं म्हशीच्या गोठ्याला लावले होते आणि म्हैस मेल्यावर गोठ्यासकट देऊन टाकले होते. नवे पल्ले लावायला वेगळी मंजुरी लागते, असंही आम्हाला कळलं. बाबा हताश झाले. आई म्हणाली, "राहू द्या. दार बंद कराची घाई नाही मले." नवे पल्ले येईपर्यंत बाबा दारात आडवी बाज टाकून झोपत.

पौर्णिमेला आईनं फरशी दोनदा पुसली. पांढरं पातळ नेसली. ज्यांना पहिल्या वर्षी बोलावलं होतं त्या सगळ्यांना परत बोलावलं. बायका नदीच्या रस्त्यानं आल्या, पायरी चढल्या, उंबरठा ओलांडला. नाकाला पदर लावलेली बाईही आली. पायरीशी चपलांचा ढीग झाला, एकीचीही चप्पल आत आली नाही, कारण आई दारात उभी होती आणि तिची नजर पायांवर होती. मिस्त्री आला, पण आत यायला तयार होईना. पायरीवरच बसला आणि प्रत्येक येणाऱ्याला सांगत राहिला, की चौकट त्यानं काढली नव्हती. मामा आला तो सवयीनं आधी पोस्टाच्या बंद दारासमोर रांग लावून उभा होता, एकटाच. त्याला मी हाताला धरून आणलं.

आई आजीची वाट बघत होती. बोरगावहून सकाळची बस कधीच येऊन गेली होती. आई दारात उभी, एक पाय आत, एक पाय पायरीवर, नजर रस्त्याच्या वळणाकडे. "पाय न गं, दिसते का," मला सारखी म्हणायची. मी दोनदा वळणापर्यंत जाऊन आले.

तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

आम्ही आत गेलो. आजी चुलीजवळ उकिडवी बसून खिरीचं पातेलं ढवळत होती. नऊवारीचा काठ बोळीतल्या पाण्यानं ओला झालेला. चिखलानं भरलेल्या चपला काढून कापडी पिशवीत घातलेल्या, पिशवी मांडीवर.

"खाली लागून राहिली होती," आजी म्हणाली. "लक्ष कोठं आहे तुमचं?"

"माय," आई म्हणाली, "तू मागून आली?"

आजीनं तिच्याकडे आश्चर्यानं बघितलं. "मंग कोठून येऊ?"

 आईनं आजीच्या हातातला डाव काढून माझ्या हातात दिला, आजीला दंडाला धरून उठवलं, आणि बायकांनी भरलेल्या खोलीतून सरळ चालत तिला नव्या दारातून बाहेर रस्त्यावर नेलं. मी डाव घेऊन मागे. आईनं पिशवीतून चपला काढल्या, खाली बसून आजीच्या पायांत घातल्या, मग स्वतः पायरी चढून आत आली आणि वळून म्हणाली, "आता ये."

आजीनं दाराकडे बघितलं. आत बसलेल्या एवढ्या बायकांकडे बघितलं. पायरीवर चढली, आणि लगेच चपला काढायला वाकली.

"नको काढू," आई म्हणाली.

"अवं, तुही फरशी खराब होईन."

"होऊ दे."

आजी उंबरठ्यावर थांबली. मिस्त्री पायरीवरून उठून बाजूला झाला. मग ती चपला घालून आत आली, हळूहळू, एकेक पाऊल नीट टाकत, खोलीच्या मधोमध मांडलेल्या चटईपर्यंत. तिच्यामागे फरशीवर बोळीतल्या चिखलाचे ठसे उमटत गेले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी फडकं ओलं करून ते ठसे पुसायला बसले. आईनं येऊन माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"राहू दे आजच्या दिवस," ती म्हणाली.